पहिली कुदळ पडण्यापूर्वी : कोकणातील घराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमचे आजोबांच्या वेळचे घर आहे. भिंती जांभ्याच्या आणि मातीत बांधलेल्या आहेत, वर मंगलोरी कौले आहेत. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी अशी रचना आहे. घर गणपतीत आणि मे महिन्यात तेवढे उघडले जाते. दोन वर्षांनी मी निवृत्त होईन आणि त्यानंतर आम्हा दोघांचा तिथेच राहण्याचा विचार आहे. माजघराच्या एका भिंतीला तडा गेला आहे, मागच्या बाजूला ओल येते आणि काही वासे वाळवीने खाल्ले आहेत. गावातील ठेकेदार म्हणतो की जुने घर पाडून स्लॅबचे घर बांधावे. दिवाळीनंतर काम धरले तर पुढच्या मे महिन्यापर्यंत तो ते पूर्ण करून देईल. घर चुलत भावंडांत सामाईक आहे, पण कोणाची हरकत नाही. घर पाडावे की दुरुस्त करावे, आणि काम सुरू होण्यापूर्वी आम्ही काय करून ठेवावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ठेकेदाराचे म्हणणे कदाचित शेवटी बरोबरही ठरेल, परंतु तो निर्णय आज घेता येण्यासारखा नाही. तडा, ओल आणि वाळवी या तुमच्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी पाणी असण्याचा संभव मोठा आहे, आणि पाणी घरात कुठून व कोणत्या वाटेने येते हे मे महिन्यातल्या कोरड्या घराकडे पाहून कळत नाही. सुदैवाने दिवाळीपूर्वी एक पूर्ण पावसाळा तुमच्या हातात आहे. तो घर बंद ठेवून वाया घालवू नका आणि तो संपेपर्यंत कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका, एवढे मी आग्रहाने सांगेन. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एवढ्या पावसात घराचे कोणतेही दुखणे लपून राहत नाही.

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरी, जुलैची संततधार आणि गणपतीचे दिवस अशा तीन वेळी तरी घरी जाऊन राहता आले तर पाहा. पाऊस पडत असतानाच घराला बाहेरून एक फेरी मारा. पागोळ्या नेमक्या कुठे पडतात ते पाहा, कारण त्या जोत्याला लागून पडत असतील तर शिंतोडे भिंतीवर दीड-दोन फुटांपर्यंत उडतात आणि भिंतीचा खालचा भाग चार महिने सुकतच नाही. अंगणातले पाणी घरापासून दूर जाते की घराकडे येते ते पाहा. कोकणातील बरीच घरे उतार खणून काढलेल्या जागेवर उभी असतात आणि त्यांची मागची बाजू डोंगराकडे असते. तुमची ओल मागच्या पडवीकडे आहे, म्हणून वरच्या अंगाने येणारे पाणी अडवणारा चर तिथे आहे का, आणि असल्यास तो मातीने बुजला आहे का, हे आधी तपासा. त्यानंतर घरात येऊन ओलीची वरची कड खडूने भिंतीवर आखा आणि शेजारी तारीख लिहा. पुढच्या खेपेला ती कड कुठे गेली आहे ते पाहून पुन्हा आखा.

या खडूच्या रेषांवरून पुष्कळ कळते. ओल जमिनीतून वर चढत असेल तर तिची कड भिंतीभर साधारण एकाच उंचीवर राहते आणि सुकल्यावर तिथे मिठासारखा पांढरा थर दिसतो. शिंतोड्यांची ओल बाहेरून जास्त आणि आतून कमी असते, आणि ती बहुतेक वेळा नैर्ऋत्येची झड लागणाऱ्या भिंतीवर आढळते. कौलातून आलेले पाणी भिंतीच्या माथ्यापासून खाली ओघळते आणि त्याचा डाग वर रुंद असतो. पहिल्या प्रकाराला पाण्याचा निचरा हवा, दुसऱ्याला वळचण लांबवायला हवी आणि तिसऱ्याला कौले परतून फुटकी बदलायला हवीत. यांपैकी एकाही दुखण्यासाठी घर पाडावे लागत नाही.

जुन्या घरांत आणखी एक गोष्ट फार आढळते. जोते मुळात दोन-अडीच फूट उंच बांधलेले असते, पण वर्षानुवर्षे भोवती माती साचते, मग कोणीतरी सिमेंटचा कोबा घालतो, त्यावर अलीकडे पेव्हर ब्लॉक बसतात, आणि बघता बघता बाहेरची जमीन घरातल्या जमिनीच्या जवळपास येऊन ठेपते. अशा घरात ओल येणारच. बाहेरची जमीन पुन्हा खाली नेणे आणि घराभोवती दगडी गटार काढून पाणी उताराला लावणे हे थोड्या दिवसांच्या मजुरीचे काम आहे, आणि त्याने जी ओल हटते ती भिंतीला कोणतेही रसायन लावून हटत नाही. याच्या उलट, ओल झाकण्यासाठी आतून सिमेंटचा गिलावा करू नका. जांभा सच्छिद्र असतो. त्याने शोषलेले पाणी सिमेंटच्या थरामुळे बाहेर पडत नाही आणि ओल आणखी वर चढते. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या (म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडाच्या) भिंतीला चुन्याचा गिलावा मानवतो, कारण तो भिंतीला सुकू देतो.

तडा नवा आहे की जुना, हे त्याच्या आकारापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. पावसापूर्वीच तड्यावर आडवी अशी काचेची पातळ पट्टी ठेवून तिची दोन्ही टोके एपॉक्सीने भिंतीला पक्की चिकटवा, मात्र त्याआधी तिथला सुटलेला गिलावा खरवडून घ्या. पावसाळ्यानंतर काच शाबूत असेल तर त्या काळात तरी भिंत हललेली नाही आणि तडा बहुधा जुन्या काळी बसून गेलेला आहे, असे मानायला आधार मिळतो. काच तडकली असेल तर भिंत अजून चालती आहे. तडा वर रुंद आणि खाली बारीक असेल तर भिंतीचे एक टोक खचत असल्याचा संशय घ्यावा. तो दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरका निघाला असेल तर दारावरचे लाकूड आतून खाल्ले गेले आहे का ते पाहावे. भिंत मध्येच बाहेर फुगलेली असेल तर मात्र गावातल्या मताशी न थांबता स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलावून दाखवा. त्याची फी संपूर्ण कामाच्या खर्चात नगण्य असते.

लाकडाची तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. वासा मधल्या भागात ठणठणीत दिसतो आणि भिंतीवर टेकतो तिथे कुजलेला असतो, म्हणून प्रत्येक वाशाचे टेकलेले टोक आणि आढ्याचे दोन्ही शेवट टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक सहज आत शिरले तर ते लाकूड बाद समजा. प्रत्येक वाशाला खडूने क्रमांक द्या आणि वहीत त्यापुढे बरा, टोक खराब, बाद अशी नोंद करा. जुन्या घरांत साग, ऐन, किंजळ, फणस अशी उत्तम लाकडे असतात. टोक खराब झालेला लांब वासा कापून पडवीसाठी आखूड वासा म्हणून वापरता येतो, त्यामुळे नवे लाकूड किती लागेल याचा आकडा ही वही झाल्यावरच खरा निघतो. ते लाकूड स्वतःच्या बागेतले तोडायचे असले तरी साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत, तेव्हा तोडीची परवानगी वन विभागाकडून आधी घ्यावी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज पावसाळ्यातच करावा.

आता स्लॅबविषयी. १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे नुसते स्वतःचे वजन चौरस मीटरला सुमारे ३१० किलो भरते, तर कौले, रिपा (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) आणि वासे मिळून ते १०० किलोच्या आत राहते. मातीत बांधलेल्या भिंती कौलाचे वजन पिढ्यान्‌पिढ्या पेलतात, पण त्यांच्यावर स्लॅब टाकता येत नाही. त्यासाठी नवा पाया आणि आरसीसीचे खांब लागतात. म्हणून ‘फक्त वर स्लॅब टाकू’ असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. दुसरी गोष्ट तुम्ही गावात स्वतःच पाहू शकता : सपाट स्लॅबची किती घरे काही वर्षांतच वर पत्र्याची शेड चढवून बसली आहेत ते मोजा. छपरावर दोनदा खर्च करण्यापेक्षा उतरते छप्पर पहिल्यापासूनच नीट करणे मला शहाणपणाचे वाटते. कौलारू छपराचीही वाऱ्याने उडण्याची एक कमजोरी आहे आणि ती ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत सर्वांनी अनुभवली. छप्पर नव्याने करताना वासे भिंतीशी लोखंडी पट्ट्यांनी बांधणे आणि वळचणीच्या व कडेच्या कौलांच्या ओळी तारेने रिपांना बांधणे हे अंदाजपत्रकात आजच लिहून ठेवा. तसेच ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप रत्नागिरी जिल्ह्यानेही सोसला आहे. भिंतीच्या माथ्यावरून सगळ्या घराला वेढणारा काँक्रीटचा सळईयुक्त पट्टा घालता येईल का, हे इंजिनिअरला त्याच भेटीत विचारा.

चुलत भावंडांची हरकत नाही असे तुम्ही लिहिले आहे. ते खरे असेलही, परंतु तोंडी संमतीवर निवृत्तीची पुंजी खर्च करू नये. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घरपट्टीच्या आकारणीचा) उतारा आणि जमिनीचा सातबारा काढून त्यांवर आज कोणाची नावे आहेत ते पाहा. पुष्कळ घरांत आजोबांचेच नाव चालू असते आणि वारसनोंद झालेलीच नसते. वारसांत भावांइतक्याच बहिणी येतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे, तेव्हा लग्न होऊन गेलेल्या आत्येबहिणी-चुलतबहिणींना वगळून केलेला कागद पुढे टिकत नाही. वाटप करून घर तुमच्या वाट्याला येणार असेल तर ते नोंदणीकृत दस्ताने व्हावे. वाटप नको असेल तर कोण खर्च करणार, कोण राहणार आणि पुढे वाटपाची वेळ आली तर केलेल्या खर्चाचे काय होणार, हे वकिलाकडून लिहून घेऊन सर्वांच्या सह्या घ्याव्यात. गणपतीत सगळी भावंडे एका छताखाली येतात. मसुदा आधी सर्वांना पाठवून त्या दिवसांत बोलणे पुरे करावे. हे बोलणे अवघड जाते हे मी जाणतो, परंतु जोत्यापर्यंत काम आल्यावर ते कितीतरी अधिक कडू होते.

कागदपत्रे चालू असतानाच घराचे मोजमाप घ्या. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती आणि दोन्ही कर्ण मोजा, कारण जुन्या खोल्या काटकोनात असतातच असे नाही. भिंतीची जाडी, दारांची उंची आणि आढ्याची उंची लिहा, आणि एक चौकट म्हणजे एक फूट असे धरून आलेखाच्या कागदावर घर उतरवा. त्यावर तुमचा दिवस आखून पाहा : सकाळी चहा कुठे होणार, पाहुणे कुठे झोपणार, रात्री उठून न्हाणीघरात जाताना किती पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागणार. तुम्ही साठीत प्रवेश करून त्या घरात राहायला जाणार आहात. झोपण्याची खोली आणि शौचालय एका पातळीत, मध्ये उंबरा नाही, दार किमान तीन फूट रुंद, ही तजवीज आजच्या नकाशात नसेल तर पंधरा वर्षांनी भिंत फोडून करावी लागेल. शौचालय व न्हाणीघर जुन्या घराच्या आत कोंबू नका. मागच्या पडवीला लागून त्यांचा स्वतंत्र भाग बांधा, म्हणजे पाण्याचे नळ जुन्या जोत्यातून जाणार नाहीत. नवी भिंत जुन्या भिंतीत गुंतवू नका, दोघींमध्ये सांधा सोडा. नवा पाया थोडा तरी बसतो, आणि गुंतवलेल्या ठिकाणी तडा जातो.

एवढे झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तुमच्यासमोर खडूच्या रेषा, काचेच्या पट्ट्या, वाशांची वही आणि मोजमापाचा कागद असेल. तो घेऊन वास्तुविशारदाकडे जा. तुमच्या वर्णनावरून माझा कल दुरुस्तीकडे आहे : भिंती राखाव्यात, छप्पर नवे करावे, निचरा सुधारावा आणि मागे नवा भाग जोडावा. मात्र दोन-तीन भिंती चालत्या निघाल्या तर पाडून बांधणेच स्वस्त पडते, आणि तसे ठरले तरी तोच चिरा व तेच लाकूड पुन्हा वापरता येते. ग्रामपंचायतीची लेखी परवानगी दोन्ही प्रकारांत घ्यावी. काम दिवाळीनंतर लगेच धरता आले नाही तर घाईने फेब्रुवारीत धरू नका. विहिरी एप्रिल-मे महिन्यांत तळ गाठतात, आणि नव्या बांधकामाला किमान सात ते दहा दिवस पाणी मारावेच लागते. मेच्या मध्यापर्यंत छप्पर झाकले जाईल अशी खात्री नसेल तर जुने छप्पर उतरवूच नये. तुमच्या निवृत्तीला दोन वर्षे आहेत. यंदा निचरा, कागदपत्रे आणि परवानगी, आणि बांधकाम पुढच्या दिवाळीनंतर, असा क्रम लावला तरी तुम्ही वेळेत घरात राहायला जाल.

प्रश्न : दापोली तालुक्यात खाडीच्या वरच्या अंगाला उतारावर ५ गुंठे जागा आम्ही पसंत केली असून थोडा बयाणा दिला आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खाडीकडे तोंड करून मोठी पडवी, एवढेच लहान घर हवे आहे. विकणारे म्हणतात की ते जेसीबी लावून जागा सपाट करून देतील. सातबाऱ्यावर बारा जणांची नावे आहेत, त्यांत आमचे नाव घालून मिळेल असे ते सांगतात. घराचा आराखडा करण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आराखडा बाजूला ठेवून आधी सातबारा वाचा. बारा नावांत तेरावे नाव घालणे म्हणजे तुम्हांला तो विशिष्ट ५ गुंठ्यांचा तुकडा मिळणे नव्हे. तुम्हांला मिळतो तो सामाईक जमिनीतला न वाटलेला हिस्सा. जमीन शेतीची असेल तर ती घेण्यासाठी खरेदीदार शेतकरी असावा लागतो, आणि लहान तुकडे पाडण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे बंधन आहे. या दोन्ही बाबतींत सवलती देणारे बदल वेळोवेळी होत आले आहेत, म्हणून विक्रेत्याच्या सांगण्यावर न जाता आज लागू असलेला नियम तहसील कार्यालयात विचारून घ्या. मंजूर रेखांकन, बिगरशेती वापराचा आदेश आणि तुमच्या भूखंडाचा स्वतंत्र उतारा ही तीन कागदपत्रे समोर येईपर्यंत उरलेली रक्कम देऊ नका. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा तुमच्यासमोर गाडून घ्या.

खाडीचा प्रश्न वेगळा आहे. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा आणि भरतीचे पाणी जिथवर चढते त्या खाडीच्या काठची ठरावीक रुंदीची पट्टी किनारा नियमन क्षेत्रात येते, म्हणजे तिथे बांधकामावर निर्बंध असतात. हे नियम पहिल्यांदा १९९१ मध्ये आले, मग २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी बदलले. तुमचा भूखंड किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशावर कुठे बसतो हे गटक्रमांकासह पाहून घ्यावे. बाजूला घर उभे आहे, म्हणून आपल्यालाही चालेल, असा निष्कर्ष कधीही काढू नये. ते घर नियमांच्या आधीचे असू शकते किंवा विनापरवाना असू शकते.

आता उताराविषयी, कारण सर्वांत मोठी चूक इथेच होण्याची भीती मला वाटते. जागा सपाट करून देण्याचे आश्वासन कृपया नाकारा. जेसीबी वरच्या अंगाचा डोंगर कापतो आणि ती माती खालच्या अंगाला लोटतो. घराचा अर्धा भाग कापलेल्या पक्क्या जमिनीवर आणि अर्धा भाग भुसभुशीत भरावावर येतो, पहिल्याच मोठ्या पावसात भराव बसतो आणि घर मधोमध तडकते. कापलेली उभी दरड मागे तशीच उघडी राहते. जांभ्याचा थर वर कठीण दिसतो, पण त्याखाली बहुधा मऊ चिकणमाती असते. वरून मुरलेले पाणी त्या मातीपाशी अडते आणि दरड सुटते. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळून जी जीवितहानी झाली ती आपण सर्वांनी पाहिली आहे. प्रत्येक उतार तसा धोकादायक नसतो, परंतु पावसाळ्यात वरच्या बाजूला झरे फुटतात का, झाडांचे बुंधे खालच्या बाजूला वाकलेले आहेत का, जमिनीला आडव्या भेगा आहेत का, हे गावकऱ्यांना विचारून आणि स्वतः पाहून घ्यावे. वर कोणी बांधकाम करणार असेल तर त्याचे पाणी कुठे सोडले जाणार हेही विचारावे.

तुमचे घर लहान आहे, हीच उतारावर मोठी सोय आहे. उताराला आडवे, लांबट आणि एका खोलीच्या रुंदीचे घर आखले तर जमीन फारच थोडी कापावी लागते. दोन खोल्यांच्या पातळीत दोन-तीन पायऱ्यांचा फरक ठेवला तर ती आणखी कमी होते. पायाचे खड्डे मूळ जमिनीपर्यंत न्यावेत, भरावात थांबू नये. जिथे धारक भिंत (माती अडवून धरणारी भिंत) बांधावीच लागेल तिथे तिच्यात पाणी बाहेर पडण्यासाठी नळ्या आणि मागे खडीचा थर हवा, नाहीतर साचलेल्या पाण्याच्या दाबाने भिंतच कोसळते. पडवी खाडीकडे म्हणजे पश्चिमेला येत असेल तर झड थेट आत येईल. चार महिने कोरडी राहावी असे वाटत असेल तर वळचण खाली उतरवून लांब काढावी लागते, आणि तेवढ्यापुरते खाडीचे दृश्य कमी होते. हे दोन्ही एकदम मिळत नाही, तेव्हा कागदावरच निवड करा.

विहीर आणि शौचालयाचा शोषखड्डा यांच्या जागा घराच्या आधी ठरवाव्यात. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर दूर असावा. जांभ्याच्या जमिनीत भेगांतून पाणी वेगाने सरकते, म्हणून माझा सल्ला त्याहून जास्त अंतराचा आहे, आणि खड्डा नेहमी विहिरीच्या खालच्या उताराला असावा. ५ गुंठे म्हणजे जेमतेम ५०० चौरस मीटर. त्यात तुमची विहीर, शेजाऱ्याची विहीर, दोघांचे शोषखड्डे आणि हद्दीपासून सोडायची अंतरे काढल्यावर घराला कोणती जागा उरते ते एकदा कागदावर आखून पाहा. बयाणा पक्का करण्यापूर्वी एवढे केलेत तरी जागा घ्यावी की नाही याचे उत्तर बहुधा मिळेल.

प्रश्न : कुडाळजवळ आम्ही चिऱ्याचे नवे घर बांधणार आहोत. एक ठेकेदार सगळे साहित्य धरून चौरस फुटाचा दर सांगतो, दुसरा फक्त मजुरीचा सांगतो आणि साहित्य आम्ही आणावे म्हणतो. दोन्हींची तुलना कशी करावी?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : चौरस फुटाच्या दराची तुलना तशी करताच येत नाही, कारण फूट कशाचा मोजला आणि दरात काय धरले हे दोघांचे वेगळे असते. पडवी पूर्ण धरली की अर्धी, वळचणीखालचा भाग मोजला का, हे आधी विचारा. एवढ्यानेच एकूण रकमेत मोठा फरक पडतो. त्यानंतर कामांची बाबवार यादी स्वतः करा आणि दोघांकडून तीच भरून घ्या. पायाचे खोदकाम (कातळ लागला तर दर काय, हे वेगळे लिहून), जोते, चिऱ्याची भिंत, दरजा (चिऱ्यांमधले सांधे) भरणे, छपराचे लाकूड किंवा लोखंड, कौले, गिलावा, फरशी, वीज, नळ, शौचालयाची टाकी, आणि रस्त्यापासून जागेपर्यंत साहित्य डोक्यावरून नेण्याची मजुरी. शेवटची बाब जवळजवळ नेहमी विसरली जाते, आणि घर पाखाडीच्या (पायऱ्यांच्या पायवाटेच्या) टोकाला असेल तर ती फार मोठी ठरते. वाळू-खडीची ब्रास १०० घनफुटांची असते आणि गिलाव्या-फरशीसारख्या सपाट कामाची १०० चौरस फुटांची, हे लक्षात ठेवून प्रत्येक बाबीपुढे माप लिहून घ्या.

साहित्य तुम्ही मुंबईहून आणू शकत नाही आणि रोज हजर राहू शकत नाही, म्हणून सगळे साहित्य ठेकेदाराकडे देण्याचा मोह होईल. मधला मार्ग असा की चिरा, कौले, लाकूड आणि सळई तुम्ही स्वतः खरेदी करावी आणि बाकीचे त्याच्याकडे द्यावे. चिरा खाणीवर जाऊन पाहा : गडद तांबडा, वजनदार, कडा न तुटणारा घ्यावा; पिवळसर, मातकट आणि मोठ्या भोकांचा घेऊ नये. पावसाळ्यात खाणी बंद असतात आणि दिवाळीनंतर सगळ्यांचीच मागणी एकदम येते, म्हणून बोलणी आधी करून ठेवावीत. कौल बोटाने वाजवून पाहावे. नीट भाजलेले कौल खणखणते. चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात, त्यावर वाहतुकीतल्या फुटीसाठी थोडी जास्त घ्यावीत, आणि माकडांचा उपद्रव असलेल्या गावात पुढच्या वर्षांसाठीही त्याच छापाची काही राखून ठेवावीत.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत : जोते, दारावरच्या पट्टीपर्यंतची भिंत, छप्पर, गिलावा. प्रत्येक टप्पा संपल्यावर, मोजमाप झाल्यावरच. एकूण रकमेचा पाच ते दहा टक्के भाग पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवायचा, आणि गळती किंवा ओल आढळली तर ती दुरुस्त झाल्यावर द्यायचा, असे कराराच्या कागदावर पहिल्याच दिवशी लिहा. जो ठेकेदार ही अट मान्य करतो त्याचा दर थोडा जास्त असला तरी काम त्यालाच द्यावे.